पाणी आरशासारखं, तरी मासे का मेले?
डिस्कसच्या मोठ्या टाकीसाठी फिल्टर निवडताना



या महिन्याचा पाठ रंगीत मासे पाळणाऱ्या आणि पाळू पाहणाऱ्या गटांसाठी आहे. बैठकीत एकीने मोठ्याने वाचावा, बाकीच्यांनी ऐकावं. मध्ये थोडं गणित आहे, त्यासाठी वही, पेन, 20 लिटरची बादली आणि एक मोबाइल जवळ ठेवा.

आधी माझी चूक सांगते. आपल्या एका गटाने गप्पी आणि मॉलीच्या दोन वर्षांच्या अनुभवानंतर धाडस केलं आणि डिस्कसची 14 पिल्लं आणली. एकेक पिल्लू 400 रुपयांचं, म्हणजे 5,600 रुपये नुसते माशांचे. टाकी चांगली 6 फुटी. दोन महिने सगळं छान चाललं. मग एक दिवस पाहुणे येणार असल्याचा निरोप आला. मी फोनवर म्हणाले, "ताई, टाकी अगदी चकाचक दिसली पाहिजे. फिल्टर पण स्वच्छ धुऊन घ्या." त्यांनी माझं ऐकलं. स्पंज, जाळी, रिंगा सगळं काढून नळाखाली घासून घासून धुतलं. पाहुणे आले, फोटो निघाले, कौतुक झालं.

तिसऱ्या दिवशी सकाळी अध्यक्ष ताईंचा फोन. मासे काळवंडलेत, कोपऱ्यात जाऊन उभे राहिलेत, तोंड वर करून हवा घेतायत. मी पोचेपर्यंत 4 गेले होते. आठवडाभरात 9 गेले. ताई मला म्हणाल्या, "मॅडम, पाणी तर आरशासारखं आहे. मग मासे का मरतायत?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. समाजकार्याच्या पदवीत हे शिकवत नाहीत. ते उत्तर शोधायला मला बरेच दिवस लागले आणि तेच आजच्या पाठात देते आहे. कारण फिल्टर कशासाठी असतो हे कळल्याशिवाय कोणता घ्यायचा हे ठरवताच येत नाही.

फिल्टरचं खरं काम

आपल्याला वाटतं फिल्टर म्हणजे चहाची गाळणी. कचरा अडवला, पाणी स्वच्छ झालं, काम संपलं. कचरा अडवणं हे त्याचं छोटं काम आहे. मोठं काम डोळ्यांना दिसत नाही.

मासा श्वास घेतो तेव्हा त्याच्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो. विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातूनही अमोनिया तयार होतो. हा माशांसाठी विष आहे आणि तो पाण्यात मिसळला तरी पाणी स्वच्छच दिसतं. नदीत पाणी इतकं असतं की तो विरून जातो. काचेच्या टाकीत तो साठत जातो.

हे विष खाणारे जिवाणू असतात. एका प्रकारचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात. नायट्राइट पण विषारीच. दुसऱ्या प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. नायट्रेट पुष्कळ कमी घातक, ते आपण पाणी बदलून काढून टाकतो. हे जिवाणू पाण्यात पोहत नसतात. ते स्पंजच्या भोकांत, रिंगांच्या अंगावर, जिथे जागा मिळेल तिथे चिकटून राहतात. त्यांना तीन गोष्टी लागतात: चिकटायला जागा, सतत वाहतं पाणी आणि त्या पाण्यात प्राणवायू.

म्हणजे फिल्टर हे या जिवाणूंचं घर आहे. आपण नळाखाली फिल्टर धुतला तेव्हा काय झालं? गावच्या पाण्याच्या टाकीत टीसीएल पावडर टाकतात. त्यातल्या क्लोरीनचं कामच जिवाणू मारणं आहे. आपल्या पिण्यासाठी ते चांगलं, पण फिल्टरमधले कामाचे जिवाणूही त्यानेच मेले आणि घासण्यात उरलेसुरले वाहून गेले. मासे तेवढेच, खाणं तेवढंच, विष खाणारं कोणी नाही. तीन दिवसांत टाकी विषारी झाली. पाणी मात्र आरशासारखंच राहिलं.

दही लावायला विरजण लागतं ना? विरजणाचं भांडं आपण कधी उकळत्या पाण्याने धुऊन परत त्यातूनच दह्याची आशा करत नाही. फिल्टरचं तसंच आहे.

डिस्कसचं दुखणं वेगळं कसं

डिस्कस हा मूळ दक्षिण अमेरिकेतल्या अ‍ॅमेझॉन नदीच्या खोऱ्यातला मासा. गोल, भाकरीसारखा चपटा. वाढून 6 ते 8 इंचांचा होतो. तिथलं पाणी संथ, मऊ, किंचित आम्लधर्मी आणि उबदार. आपण फिल्टर निवडताना याच्या चार गोष्टी लक्षात ठेवायच्या.

एक, याला 28 ते 30 अंश ऊब लागते. पाणी जितकं गरम तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. म्हणून टाकीतलं वरचं पाणी सतत हललं पाहिजे.

दोन, चपट्या अंगामुळे याला जोराचा प्रवाह सोसत नाही. दिवसभर प्रवाहाशी झगडला तर खात नाही, वाढत नाही.

तीन, पिल्लांना दिवसातून चार-पाच वेळा प्रथिनांचं खाणं द्यावं लागतं. जितकं जास्त खाणं तितका जास्त अमोनिया. म्हणजे गप्पीच्या टाकीला पुरणारा फिल्टर याला पुरत नाही.

चार, नर-मादी आपल्या अंगावर एक चिकट स्राव तयार करतात आणि पिल्लं सुरुवातीला तोच खाऊन वाढतात. अशा जोडीच्या टाकीत ओढणारा पंप लावला तर पिल्लं पंपात जातात.

आणखी एक. पाणी जितकं अल्कधर्मी आणि गरम, तितका अमोनिया जास्त विषारी. पीएच 7 वरून 8 झाला तर अमोनियाचा विषारी भाग साधारण दहापट होतो. कोकणात जांभ्या दगडातल्या विहिरींचं पाणी बहुधा मऊ असतं, ते डिस्कसला मानवतं. देशावर बोअरचं पाणी बऱ्याच ठिकाणी जड असतं. त्यामुळे आधी पाणी तपासा, मग टाकी घ्या, मग फिल्टर, आणि सगळ्यात शेवटी मासे. आम्ही नेमकं उलट केलं होतं.

आता वही काढा

टाकीची लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची फुटांत मोजा. तिन्हींचा गुणाकार करा. आलेल्या आकड्याला 28 ने गुणा. तेवढे लिटर पाणी.

आपली टाकी 6 फूट लांब, 2 फूट रुंद, 2 फूट उंच. पण पाणी काठोकाठ भरत नाही, वर 3 इंच मोकळे ठेवतो. म्हणजे उंची पावणेदोन फूट. 6 गुणिले 2 गुणिले 1.75 म्हणजे 21. त्याला 28 ने गुणलं की 588. आपण 600 लिटर धरू.

मोठ्या डिस्कसला माशी साधारण 40 लिटर पाणी द्यावं असा सर्वसाधारण हिशेब आहे. म्हणजे या टाकीत 15 मासे. त्याच्या वर जाऊ नका. "अजून पाच बसतील की" असं म्हणणारं कोणीतरी नेहमी भेटतं.

आता फिल्टरमधून दर तासाला किती पाणी फिरावं? डिस्कसच्या टाकीसाठी एकूण पाण्याच्या 3 ते 5 पट धरतात. आपण 4 पट धरू. 600 गुणिले 4 म्हणजे तासाला 2,400 लिटर.

इथेच फसायला होतं. पंपाच्या खोक्यावर छापलेला आकडा हा पाणी अजिबात वर चढवायचं नसताना, मध्ये स्पंज नसताना मिळणारा असतो. पाणी चार-पाच फूट वर चढवायचं असेल तर तो बराच घटतो. खोक्यावर कमाल उंची पण छापलेली असते. तेवढ्या उंचीवर तर पाणी पडायचंच थांबतं. म्हणून छापील आकडा आपल्या गरजेपेक्षा दीडपट ते दुप्पट असलेला पंप बघा.

खरा आकडा स्वतः मोजा. पंप जिथून पाणी सोडणार त्या उंचीवर 20 लिटरची बादली धरा, मोबाइलवर वेळ लावा. 30 सेकंदांत बादली भरली तर मिनिटाला 40 लिटर, तासाला 2,400 लिटर. जमलं. पूर्ण मिनिट लागलं तर 1,200 लिटर, म्हणजे निम्मंच. दुकानदार मोजू देत नसेल तर दुसरं दुकान बघा.

बाजारात काय काय मिळतं

स्पंज फिल्टर. हवेच्या पंपावर चालणारा साधा स्पंज. सगळ्यात स्वस्त, प्रवाह हळुवार, पिल्लं ओढली जात नाहीत. वीज फार कमी खातो. स्पंजच्या भोकाभोकांत जिवाणू राहतात. दोष एवढाच की तो टाकीत जागा अडवतो, तरंगती घाण फारशी ओढत नाही आणि 600 लिटरला एकट्याने पुरत नाही. जोडीच्या छोट्या टाकीला मात्र याच्यासारखा दुसरा नाही.

मागे टांगायचा फिल्टर. छोट्या टाकीला बरा. आपल्या मापाला अपुरा. इथे वेळ घालवू नका.

आत बुडवायचा पंपवाला फिल्टर. स्पंजचा तुकडा लहान, धार जोराची. म्हणजे जिवाणूंना जागा कमी आणि माशाला त्रास जास्त. मुख्य फिल्टर म्हणून नको.

डोक्यावरचा फिल्टर, ज्याला दुकानात टॉप फिल्टर म्हणतात. टाकीच्या वर लांबट खोकं, पंप पाणी वर चढवतो, ते स्पंज आणि रिंगांतून खाली पडतं. धुवायला, बघायला सोपा. पाणी पडताना हवा मिसळते. 3-4 फुटी टाकीला उत्तम. 6 फुटीला दोन लागतील, आणि वरची जागा अडल्याने झाकण नीट बसत नाही.

कॅनिस्टर. टाकीखाली ठेवायचा बंद डबा, आत थरांत स्पंज आणि रिंगा. दिसायला सुबक, आवाज नाही, शहरात लोक हाच घेतात. पण आपल्याकडे याची एक अडचण आहे. वीज गेली की डब्यातलं पाणी जागच्या जागी थांबतं. आतले जिवाणू उरलेला प्राणवायू संपवतात आणि गुदमरून मरू लागतात, पाणी कुजतं. मग वीज आली की तेच कुजकं पाणी पंप सरळ टाकीत सोडतो. ज्यांच्याकडे कॅनिस्टर आहे त्यांनी वीज एक-दोन तासांपेक्षा जास्त गेली तर पंप आपोआप चालू होऊ देऊ नका. बटण बंद करा, डबा उघडून आतलं पाणी फेका, आतला माल टाकीच्याच पाण्यात खळबळा आणि मगच चालू करा. रात्री दोनला वीज आली तर हे कोण करणार, याचा विचार घेण्याआधी करा.

संप. मोठ्या टाकीच्या खाली दुसरी छोटी टाकी. वरचं पाणी पाइपाने आपोआप खाली उतरतं, कप्प्याकप्प्यांतून जातं, शेवटच्या कप्प्यातला पंप ते परत वर चढवतो. यात जिवाणूंना भरपूर जागा मिळते. वरून उघडा असल्याने हवा लागते. हीटर खाली लपवता येतो, मासा त्याला चिकटून भाजत नाही. एकूण पाणीही वाढतं. गावातला काच कापणारा माप दिलं तर ही टाकी करून देतो. दोष म्हणजे मांडणी नीट जमली पाहिजे, नाहीतर घरात पूर येतो.

पूर का येतो ते समजून घ्या. वीज गेली की पंप थांबतो, पण वरचं पाणी पाइपाच्या तोंडापर्यंत खाली येतच राहतं. आपल्या 6 बाय 2 फुटाच्या टाकीत पाण्याचा एक इंच म्हणजे 28 लिटर. दोन इंच उतरलं तर 56 लिटर. एवढी रिकामी जागा खालच्या टाकीत कायम हवी. शिवाय पंपाचं पाणी वर सोडणाऱ्या पाइपाला, पाण्याच्या पातळीच्या जेमतेम खाली एक बारीक भोक पाडा, म्हणजे उलटं पाणी ओढलं जाऊन सगळी टाकी रिकामी होत नाही. मासे सोडण्याआधी मुद्दाम चार-पाच वेळा मेन स्विच बंद करून बघा. जमीन कोरडी राहिली तर मांडणी पास.

आमच्या गटाने काय ठरवलं

एवढा तोटा झाल्यावर गटात दोन बैठका झाल्या. काही जणी म्हणाल्या, बास झालं, डिस्कस नकोच. त्यांचं चूक नव्हतं. 9 मासे म्हणजे 3,600 रुपये, आणि ते गटाच्या अंतर्गत कर्जातले होते. शेवटी 5 मासे जगलेत तर त्यांच्यासाठी तरी नीट करू, असं ठरलं. मी पण माझी चूक बैठकीत सगळ्यांसमोर कबूल केली आणि ती इतिवृत्तात लिहायला सांगितली.

खरेदी समितीने तीन दुकानांतून दरपत्रकं आणली. मुख्य फिल्टर म्हणून खाली 3 फुटी संप, आणि वरच्या टाकीत दोन मोठे स्पंज फिल्टर, असं ठरलं. एक बंद पडला तर दुसरा सांभाळेल. हवेचा पंप बॅटरीवर चालणारा घेतला, वीज गेली की तो आपोआप सुरू होतो. पंपाची धार मोडायला पीव्हीसी पाइपाला ओळीने भोकं पाडून तो टाकीच्या एका कडेला आडवा लावला. धारेचे बारीक थेंब झाले, मासे शांत झाले.

संपमध्ये पहिल्या कप्प्यात जाड स्पंज आणि पांढरा कापूस, कचरा अडवायला. दुसऱ्या कप्प्यात जिवाणूंचं घर. तिथे महागड्या रिंगांऐवजी भांडी घासायच्या प्लास्टिकच्या घासण्या भरल्या. चालतात, उत्तम चालतात. फक्त घासणी स्टीलची नको, साबण लावलेली नको, साबणाचं पाणी कधी लागलेली नको. शंख, शिंपले, संगमरवराचे तुकडे शोभेसाठीसुद्धा घालू नका, त्यांनी पाणी जड होतं.

मग विरजण. आमच्या गप्पीच्या निरोगी टाकीतला जुना स्पंज नव्या संपमध्ये पिळला. त्याचं ते काळपट पाणी म्हणजेच जिवाणू. विरजणाशिवाय नव्या टाकीत जिवाणू जमायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. विरजणाने वेळ वाचतो, पण तरी तपासणी किटने अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आल्याशिवाय नवा मासा आणायचा नाही. आजारी टाकीतलं विरजण कधीही घेऊ नका, रोगही सोबत येतो.

विजेचा हिशेब

कर्जाचा अर्ज करताना हा खर्च बहुतेक जणी विसरतात. 40 वॅटचा पंप 24 तास चालला तर दिवसाला 0.96 युनिट, महिन्याला साधारण 29 युनिट. 10 वॅटचा हवेचा पंप महिन्याला 7 युनिट. 300 वॅटचा एक हीटर दिवसातून 8 तास पेटला तर महिन्याला 72 युनिट. म्हणजे फिल्टरपेक्षा ऊब महाग. टाकी भिंतीकडेच्या उबदार खोलीत ठेवली, बाजूला थर्माकोल लावला तर हे बिल कमी होतं. आपल्या बिलावरचा युनिटचा दर घेऊन हा गुणाकार बैठकीतच करा.

विजेची काळजीही घ्या. टाकीत हात घालण्याआधी हीटर आणि पंप दोन्हींचं बटण बंद. हीटर पाण्याबाहेर पेटता ठेवला तर फुटतो. हवेचा पंप पाण्याच्या पातळीच्या वर टांगा, नाहीतर वीज गेल्यावर नळीतून पाणी उलटं येऊन पंपात शिरतं. वायर थोडी खाली लोंबवून मग बोर्डाकडे न्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी बोर्डापर्यंत जात नाही.

फिल्टर काय करत नाही

आता सगळ्यात महत्त्वाचं. दुकानदार म्हणेल, "ताई, हा फिल्टर घ्या, सहा महिने पाणी बदलायला नको." विश्वास ठेवू नका. नायट्रेट फिल्टरमध्ये जात नाही, ते साठतच राहतं. डिस्कसच्या वाढत्या पिल्लांच्या टाकीतलं निदान पाव भाग पाणी दिवसाआड बदलावं लागतं. 600 लिटरचा पाव भाग म्हणजे 150 लिटर. 15 लिटरच्या 10 कळश्या.

या 10 कळश्या कोण आणणार? घरातला पुरुष आणणार नाही हे आपल्याला माहीत आहे. एप्रिल-मे मध्ये विहीर आटली, टँकर आला, तेव्हा माशांना 10 कळश्या द्यायच्या की घरात भरायच्या? हा प्रश्न अर्ज भरण्याआधी विचारायचा आहे. ज्या गावात उन्हाळ्यात पाण्याची मारामार आहे तिथे कितीही भारी फिल्टर घेतला तरी डिस्कस जमणार नाही. गप्पी, मॉली, प्लॅटी घ्या, कमी पाण्यात जमतात. त्यात कमीपणा नाही.

जिथे पाणी आहे तिथे टाकीतून काढलेलं पाणी फेकू नका. त्यातलं नायट्रेट म्हणजे झाडांचं खत. परसबागेतल्या वांगी-मिरचीला घाला.

नवं पाणी नळाचं असेल तर एक दिवस उघड्या पिंपात हवा सोडून ठेवा किंवा दुकानात मिळणारं क्लोरीन मारायचं औषध मापाने घाला. टाकीच्या पाण्याइतकंच कोमट करून मग हळूहळू ओता.

धुवायचं कसं

टाकीतून काढलेलं पाणी बादलीत घ्या. त्यातच स्पंज दोन-तीनदा पिळा. काळपट राहिला तरी चालेल. नळ नको, साबण नको, ऊन दाखवणं नको. एका दिवशी एकच स्पंज, दुसरा पुढच्या आठवड्यात. कापूस मात्र घाण झाला की बदला, तो फक्त कचऱ्यासाठी आहे. घासण्यांचा कप्पा महिनोन्‌महिने हलवू नका.

आणि मासे कधी काळवंडले, वर तोंड करून हवा घेऊ लागले, तर आधी खाणं बंद करा. हवा वाढवा. एक तृतीयांश ते निम्मं पाणी क्लोरीन नसलेल्या, तेवढ्याच कोमट पाण्याने बदला. मग तपासणी करा. औषधं शोधत बसू नका, त्यात वेळ जातो.

खरेदीला जाताना हे प्रश्न कागदावर लिहून न्या
1. माझी टाकी किती लिटरची, त्यात जास्तीत जास्त किती मासे ठेवणार?
2. पाणी जिथपर्यंत चढवायचं त्या उंचीवर हा पंप तासाला किती देतो? बादलीने मोजून दाखवाल का?
3. जिवाणूंसाठी यात जागा किती? नुसता कापूसच तर नाही ना?
4. वीज 5 तास गेली तर काय होईल?
5. वॅट किती? महिन्याला किती युनिट?
6. सुटे भाग तालुक्याला मिळतात का?
7. गटातली कोणतीही ताई एकटीने उघडून धुऊ शकेल का?

सातव्या प्रश्नाचं उत्तर "नाही" असेल तर तो फिल्टर घेऊ नका. एकीलाच येणारं काम ती माहेरी गेली की थांबतं.

सल्ला हवा असेल तर कोकणातल्या गटांना रत्नागिरीजवळ शिरगावला कोकण कृषी विद्यापीठाचं मत्स्य महाविद्यालय जवळ आहे. बाकी जिल्ह्यांत मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयात जा. 2020 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत परसातल्या रंगीत मासे युनिटचा समावेश होता आणि महिलांसाठी 60 टक्के साहाय्याची तरतूद होती. आज काय चालू आहे, ते कार्यालयात विचारून मगच कर्जाचा आकडा ठरवा. अनुदान मिळेल या भरवशावर टाकी घेऊ नका.

या पावसाळ्यात त्या गटाच्या गावात एका रात्री संध्याकाळपासून सकाळपर्यंत वीज नव्हती. संप थांबला, हीटर थांबला. बॅटरीवर दोन स्पंज बुडबुडत राहिले. ताईंनी वर हवेला जागा ठेवून टाकीच्या चारी बाजूंनी गोधडी पांघरली आणि खाणं दिलं नाही. सकाळी त्यांनी फोन केला तेव्हा माझ्या पोटात गोळाच आला. पण त्या म्हणाल्या, "मॅडम, पाणी जरा गढूळ दिसतंय, पण सगळे आहेत."

पुढच्या बैठकीत चर्चेसाठी: आपल्या गावात उन्हाळ्यात दिवसाआड 10 कळश्या जास्तीचं पाणी मिळेल का? ते कोण भरेल, आणि त्या कामाची मजुरी गटाच्या हिशेबात धरली आहे का? उत्तर वहीत लिहा, मी आले की बघेन.

तुमची,
क्षेत्र समन्वयक